इंग्रजीचे काळ आणि आपला काळ



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा कुणी धम्मावर लिहायचे, कुणी वर्षावासावर, कुणी वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांवर, अशी वाटणी झाली. आमच्या वाट्याला इतिहास आला. इतिहास म्हटला की भीमा कोरेगाव, महाड, नाशिक, नागपूर ही नावे ओठांवर येतात. त्यांवर जाणकारांनी भरपूर लिहिले आहे. आम्ही थोडी वेगळी वाट धरली आहे आणि ती वाट विहारातल्या अभ्यासिकेतूनच निघाली.

संध्याकाळची वंदना आटोपली की आपली पोरं सतरंजीवर इंग्रजीच्या वह्या उघडून बसतात. वहीच्या मागच्या पानावर बारा काळांचा तक्ता असतो. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, ‘शॅल’ म्हंजे पण ‘ईल’ आणि ‘विल’ म्हंजे पण ‘ईल’. मग दोन शब्द कशाला ठेवले?" आम्ही तेव्हा पुस्तकातले उत्तर दिले आणि वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. कारण या एका ‘शॅल’मध्ये आपल्या समाजाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडला आहे. तोच या लेखात मांडायचा प्रयत्न केला आहे. व्याकरणाचे नाव काढताच पान उलटू नका, एवढीच विनंती.

नगरची वाट

आपले कर्जत म्हणजे दुष्काळी मुलूख. कर्जत म्हटले की बाहेरच्या माणसाला रायगडचे कर्जत आठवते, म्हणून आपल्याला ‘नगर जिल्ह्यातले’ असे पुढे जोडावे लागते. (आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी नगरच आहे.) पण याच नगरचा इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात मोठा मान आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. मिस सिंथिया फरार या बाईंनी १८३९ पासून तिथे मुलींच्या शाळांचे काम केले. या शाळा पाहून महात्मा जोतीराव फुले यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला आणि १८४८ साली पुण्यात शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण मिस फरार यांच्याकडे नगरला घेतले, असे चरित्रकार सांगतात.

जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात शिकले. तिथल्या इंग्रजीमुळेच थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक त्यांच्या हाती लागले. पुढे १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाची कैफियत मांडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती इंग्रजीत लिहून दिली. सावित्रीबाईंनी तर कवितेत इंग्रजीला माउली म्हटले. ज्या भाषेत सरकार बोलते, त्या भाषेत आपले गाऱ्हाणे मांडता आले पाहिजे, हे या दांपत्याने फार लवकर ओळखले.

दुसरी वाट पलटणीतून आली. कंपनी सरकारच्या पलटणीत आपले लोक होते आणि पलटणीत शिपायांच्या मुलांसाठी शाळा असत. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतल्याच शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी आपल्या भिवाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा सराव करून घेतला. मराठी वाक्य वाचायचे, त्याला नेमका इंग्रजी शब्द आणि नेमका काळ शोधायचा, चुकले की पुन्हा. पुढे ज्या हाताने भारताच्या संविधानाच्या मसुद्याला आकार दिला, तो हात असा घरच्या कंदिलाखाली घडला. ज्या शाळेत या मुलाला पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नव्हते, संस्कृत शिकू देत नव्हते, तिथे इंग्रजीचे क्रियापद मात्र त्याला कुणी अडवू शकले नाही.

मराठी तोंड आणि इंग्रजी क्रियापद

आता पोरं कुठे अडखळतात ते पाहू. म्हणजे पुढचे सोपे जाईल.

मराठी माणूस काळाच्या बाबतीत मोठा मोकळा आहे. घरातून हाक आली की तो जागचा न हलता म्हणतो, "आलो, आलो!" हा भूतकाळ, पण माणूस अजून उठलेलाही नाही. "कुठं निघालास?" असे विचारले तर म्हणतो, "राशीनला जातो." आणि "रोज काय करतोस?" विचारले तरी, "रोज राशीनला जातो." मराठीत दोन्हीकडे ‘जातो’ चालते. इंग्रजीत चालत नाही. रोजचे जाणे असेल तर ‘आय गो’. आत्ता वाटेत असेल तर ‘आय ॲम गोइंग’. पोरं दोन्हीची मिसळ करतात आणि वहीत लिहितात, ‘आय ॲम गो’.

तसेच ‘जेवलो’चे. "जेवलास का?" याला "जेवलो" एवढे उत्तर पुरते. इंग्रजी विचारते, कधी? काल दुपारी जेवलास आणि ती गोष्ट संपली, तर ‘आय एट’. जेवण झाले आहे आणि पोट अजून भरलेले आहे, म्हणजे त्या क्रियेचा परिणाम आत्ता हजर आहे, तर ‘आय हॅव ईटन’. साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला फरक एवढाच. परिणाम आज उरला आहे की नाही, ते पाहायचे.

आणखी एक हमखास चूक म्हणजे ‘आय डिडन्ट वेन्ट’. आम्ही पोरांना सांगतो, एका वाक्याच्या घरात दोन भूतकाळ नांदत नाहीत. ‘डिड’ने भूतकाळ आपल्या डोक्यावर घेतला, की मुख्य क्रियापद मोकळे होते, ते पुन्हा ‘गो’ होते.

मग येतात ती मदतनीस क्रियापदे : कॅन, मे, शॅल, विल, मस्ट, शुड. यांचा एक गुण आमच्या पोरांना फार आवडतो. बाकी क्रियापदांना ‘ही’ किंवा ‘शी’ आले की शेवटी ‘एस’ची शेपटी लावावी लागते. ‘आय गो’, पण ‘ही गोज’. या मंडळींना मात्र शेपटी नाही. आय कॅन, यू कॅन, ही कॅन. साहेब असो की शिपाई, सर्वांना एकच रूप. एक पोरगा म्हणाला, "काका, ही क्रियापदं समता पाळतात की!" बोलला ते खरे. पण ही क्रियापदे कुणाच्या तोंडी आहेत आणि कुणावर चालवली जातात, यावर समता ठरते. तिथूनच आपला इतिहास सुरू होतो.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार ‘अर्थ’ शिकवतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. स्वार्थ म्हणजे इथे आपमतलब नाही, तर सरळ विधान : ‘मी जातो.’ आज्ञार्थ : ‘जा.’ विध्यर्थ : ‘जावे.’ संकेतार्थ : ‘गेलो असतो तर...’ इंग्रजी ज्या गोष्टी कॅन, मे, मस्ट यांच्याकडून करून घेते, त्या मराठी बहुतेक या अर्थांतून आणि ‘शकतो’, ‘लागते’, ‘पाहिजे’ अशा शब्दांतून सांगते. आपल्या समाजाचा प्रवास या चार खणांत मांडला, तर तो पोरांनाही पटकन समजतो.

‘करावे लागते’चा काळ

आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यातले सर्वांत मोठे क्रियापद कोणते, असे विचारले तर आम्ही म्हणू, ‘लागते’. गावकी करावी लागते. मेलेले ढोर ओढावे लागते. चावडीवर हजर राहावे लागते. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवावे लागते. येसकर पाळी आली की रात्री भाकरी मागावी लागते. इंग्रजीत याला ‘मस्ट’.

हे नुसते रूढीचे ‘लागते’ नव्हते. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने त्यावर सरकारी शिक्का मारला होता. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात महाराने रात्री-अपरात्री केव्हाही सरकारी काम करायचे. बाप घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. कामाचे तास ठरलेले नाहीत, पगार ठरलेला नाही. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. म्हणजे विधेयक मांडल्यापासून तीस वर्षे लागली आणि तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

व्याकरणात एक गंमत आहे. ‘मस्ट’ला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘काल करावे लागले’ असे म्हणायचे तर ‘मस्ट’ बाजूला ठेवून ‘हॅड टू’ घ्यावे लागते. आम्ही पोरांना उदाहरण देतो : तुझ्या पणजोबाला गावकी ‘हॅड टू’ होती. तुला नाही. हे वाक्य वर्तमानातून भूतकाळात ढकलायला तीन पिढ्या खर्ची पडल्या आहेत. म्हणून ‘हॅड टू’ लिहिताना जरा थांबून लिही.

‘मिळावे’चा काळ

आज्ञार्थाखाली वाकलेल्या माणसाला पहिल्यांदा बोलता येते ते विध्यर्थात. ‘मिळावे’, ‘व्हावे’, ‘द्यावे’. अर्जाची भाषा हीच.

१८९२-९३ च्या सुमारास सरकारने पलटणीत महारांची भरती बंद केली. ज्या वाटेने शिक्षण आणि मान दोन्ही घरात येत होते, तीच वाट बुजली. तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबुवा वलंगकर यांनी १८९४ साली विनंतिपत्र तयार केले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले आणि १९१० साली दख्खनच्या महारांच्या वतीने थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पलटण आणि पोलीस खाते आम्हाला खुले व्हावे, ही मागणी.

आज हे अर्ज वाचून एखादा तरुण म्हणेल, एवढे लवून कशाला लिहायचे? पण बंधू-भगिनींनो, ज्याला केवळ ‘जी, मायबाप’ म्हणायची मुभा होती, त्याने सरकारला कागदावर ‘असे व्हावे’ म्हणणे हीच मोठी झेप होती. आज्ञार्थातून विध्यर्थात येणे सोपे नव्हते. आणि तो कागद सरकारच्या भाषेत, सरकारच्या व्याकरणात लिहिलेला होता, म्हणून तो टोपलीत टाकणे सरकारला अवघड गेले.

महाडचे पाणी : ‘मे’, ‘कॅन’ आणि ‘डिड’

‘मे’ आणि ‘कॅन’ यांतला फरक पोरांना काही केल्या कळत नाही. दोन्हीचा अर्थ गाईडात ‘शकतो’ असाच दिलेला असतो. आम्ही तो महाडवरून समजावतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. ठराव मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. झाले ! कागदावर आपल्याला पाणी घेण्याची परवानगी मिळाली. परवानगी म्हणजे ‘मे’. पण तळ्यावर कुणी गेला तर डोके फुटेल ही भीती कायम होती. प्रत्यक्ष पाणी घेता येत नव्हते. म्हणजे ‘मे’ होते, ‘कॅन’ नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. ‘प्याले’ हा साधा भूतकाळ. घडले ते घडले, आता ते कुणाला पुसता येणार नाही. त्यानंतर परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला, म्हणजे ‘मे’सुद्धा काढून घेतले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. मामला कोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. बोले ठरावापासून मोजले तर एका ओंजळ पाण्याच्या ‘मे’चे पक्के ‘कॅन’ व्हायला जवळजवळ चौदा वर्षे गेली.

बाबासाहेबांनी यातून एक धडा घेतला असे आम्हाला वाटते. परवानगी देणारा ती परतही घेऊ शकतो. तेव्हा नुसते ‘मे’ पुरत नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावरच बंधन घातले पाहिजे.

‘शॅल’

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. जुन्या इंग्रजी व्याकरणात, रेन आणि मार्टिनच्या पुस्तकात आपण शिकलो तो नियम असा : ‘आय’ आणि ‘वी’च्या पुढे ‘शॅल’ आले तर साधा भविष्यकाळ. पण ‘ही’, ‘शी’, ‘दे’च्या पुढे, म्हणजे तृतीय पुरुषापुढे ‘शॅल’ आले, तर ते भविष्य राहत नाही. तो हुकूम होतो, बंधन होते. आता बोलण्यात हा भेद फारसा कुणी पाळत नाही, सगळीकडे ‘विल’ चालते. पण कायद्याच्या भाषेत ‘शॅल’चे वजन अजून तेच आहे.

आणि संविधानात ‘राज्य’ हा शब्द तृतीय पुरुषी आहे !

चौदाव्या कलमापासून पुढे वाचत जा. राज्य कुणालाही कायद्यापुढील समानता नाकारणार नाही. राज्य धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्या कारणावरून भेदभाव करणार नाही. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी ‘शॅल नॉट’ आहे. पिढ्यान्‌पिढ्या ‘मस्ट’चे जू आपल्या मानेवर होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने जे स्वीकारले, त्यात बंधनाचे क्रियापद आपल्या मानेवरून काढून राज्याच्या मानेवर ठेवले गेले.

सतरावे कलम तर काळाचा धडा म्हणूनच शिकवावे. संविधान सभेत ते २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर झाले. त्याच्या पहिल्या भागात ‘शॅल’ नाही, ‘विल’ही नाही. तिथे वर्तमानकाळ आहे. अस्पृश्यता नष्ट केली जाईल, अशी ती भाषा नाही. ती नष्ट झाली, आत्ता, या क्षणी, हे कलम अमलात येताच. पुढच्या भागात ‘शॅल’ येते : तिच्या नावाखाली कुणाला अडवणे हा अपराध ठरेल. नष्ट करण्याचे काम वर्तमानकाळात उरकले आणि शिक्षेचे बंधन पुढच्या सगळ्या दिवसांवर ठेवले. या कलमाच्या आधाराने १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला आणि पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला.

मराठी अनुवादात मात्र एक अडचण आहे. मराठीत ‘शॅल नॉट’चे ‘करणार नाही’ होते. वाचणाऱ्याला वाटते, ही भविष्यातली गोष्ट आहे, सरकारने दिलेले आश्वासन आहे, निवडणुकीच्या सभेत देतात तसले. तसे नाही. आणि हे समजावून सांगायला आपल्याला दुसरीकडे जायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या अनेक प्रतिज्ञांचा शेवट कसा होतो? ‘मानणार नाही’, ‘करणार नाही’. ते काय ज्योतिषाचे भाकीत आहे? आपण हात जोडून ते म्हणतो, तेव्हा स्वतःला बांधून घेतो. संविधानात राज्याने तसेच स्वतःला बांधून घेतले आहे. ‘करणार नाही’ हे शब्द तेच, फक्त कर्ता बदलला. दीक्षाभूमीवर कर्ता ‘मी’, संविधानात कर्ता ‘राज्य’.

‘प्रयत्न करील’ ते ‘देईल’

एका शब्दाने किती पिढ्या मागे-पुढे होतात, याचे उदाहरण शिक्षणाच्या कलमाचे आहे. मसुद्यात आधी असे होते की, प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कोर्टात जाऊन मागता येणाऱ्या हक्कांत नाही, तेव्हा ‘हक्क’ हा शब्द तिथे बसत नाही, अशी दुरुस्ती आली आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली. अशा रीतीने पंचेचाळिसाव्या कलमात नुसते ‘शॅल एन्डेव्हर’ उरले. राज्य दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा ‘प्रयत्न करील’. मात्र चौदा वर्षांची वयोमर्यादा त्यांनी खाली येऊ दिली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात ठेवायचे नाही असे एक कलम सांगते, मग ते मूल शाळेतच असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

त्याच चर्चेच्या चार दिवस आधी, १९ नोव्हेंबरला, दुसऱ्या एका कलमातल्या ‘झटणे’ या अर्थाच्या शब्दावर वाद निघाला होता. तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की तो शब्द मुद्दाम घातला आहे. परिस्थिती कितीही प्रतिकूल असली तरी सरकारने झटत राहावे, असा त्याचा हेतू आहे. म्हणजे ‘प्रयत्न’ हा शब्द त्यांना पळवाट म्हणून नको होता. पण सरकारांनी त्याची पळवाट केली. दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. कर्जतच्या माळावर पोरं शेळ्यांमागे होती, ऊसतोडीच्या बैलगाडीत होती आणि वहीत ‘प्रयत्न’ चालूच होता.

शेवटी २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली आणि २१-क हे कलम आले. सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलांना राज्य मोफत व सक्तीचे शिक्षण देईल. ‘एन्डेव्हर’ गेले, नुसते ‘शॅल प्रोव्हाइड’ उरले. त्याचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. एक क्रियापद काढायला त्रेपन्न वर्षे लागली.

हे ज्ञान आज कशाला?

कुणी म्हणेल, हे वकिलांचे काम, आपल्याला काय करायचे? त्यांना दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट नोकरीतल्या आरक्षणाची. लोकसभेतल्या राखीव जागांच्या कलमात ‘शॅल’ आहे, जागा राखीव ठेवाव्याच लागतात. पण नोकऱ्यांबाबतच्या सोळाव्या कलमाच्या चौथ्या खंडाची ठेवण निराळी आहे. राज्याला अशी तरतूद करण्यापासून काही रोखणार नाही, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे राज्याला मोकळीक, ‘मे’च्या जातीची. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडच्या एका प्रकरणात सांगितले की, नेमणुकीत व बढतीत आरक्षण देण्याची सक्ती राज्यावर करता येत नाही. पुष्कळांना त्या दिवशी धक्का बसला. पण तो ‘मे’ पहिल्यापासून तिथेच होता. ज्याने क्रियापद वाचले होते, त्याला ठाऊक होते की इथे कोर्टाबरोबरच सरकार बनवणाऱ्या मतपेटीकडेही लक्ष ठेवावे लागणार.

दुसरी गोष्ट आपल्या उंबऱ्याशी आलेली. शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला २०१४ साली आपल्या समाजातल्या एका शाळकरी पोराचा दिवसाढवळ्या खून झाला. २०१७ साली नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. कायद्यात ‘शॅल’ होते. पण त्या ‘शॅल’ला जागे करायला कुणी तरी उभे राहून साध्या भूतकाळात म्हणावे लागते, ‘मी पाहिले.’ ‘पाहिले’चे ‘पाहिले नाही’ झाले की सगळे कलम मुके होते. काळ शिकवताना आम्हाला हे आठवते आणि घसा दाटतो. भूतकाळ खरा सांगणे हीसुद्धा सम्यक वाचाच आहे.

आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. तेव्हा निकाल आपल्याविषयी आणि वाचून सांगणार दुसराच, ही पाळी पुढच्या पिढीवर येऊ नये.

आपल्या वस्तीत इंग्रजी उशिरा आली. आमच्या आधीच्या मंडळींना ती आठवीपासून होती आणि मॅट्रिकला कित्येकांची गाडी त्याच एका विषयाला अडली. "तुला कशाला पाहिजे इंग्रजी?" हे वाक्य आपल्यापैकी कितीकांनी ऐकले आहे ! पुढे ती पाचवीपासून आली आणि २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून. आता पोरांना शब्द भरपूर येतात. मोबाईलवर इंग्रजी, पाट्यांवर इंग्रजी. शब्द आले पण क्रियापद कच्चे राहिले, तर माणूस दुकानात वस्तू मागू शकतो, दफ्तरात हक्क मागू शकत नाही.

शेवटी

त्या मुलीला आम्ही पुन्हा बोलावून उत्तर दिले. म्हटले, "बाळ, ‘विल’ म्हणजे मनात आले तर करील. आणि कायद्यात ‘शॅल’ म्हणजे मनात असो नसो, करावेच लागेल. पूर्वी हे ‘करावेच लागेल’ आपल्याला होते. बाबासाहेबांनी ते सरकारला लावले." तिने ते वहीत लिहून घेतले आणि लगेच विचारले, "मग सरकार नाही वागलं तर?" आम्ही म्हटले, "त्यासाठी तू शिकायचं."

आपण रोज म्हणतो, ‘सरणं गच्छामि’. पालीत हा वर्तमानकाळ आहे. कधी काळी गेलो होतो असे त्यात नाही, पुढे केव्हा तरी जाईन असेही नाही. मी जातो, आज. पंचशील घेताना ‘समादियामि’ म्हणतो, तोही वर्तमानकाळच. एकदा घेऊन पेटीत ठेवायचे हे व्रत नाही, रोज घ्यायचे आहे. इंग्रजीतही रोजच्या सवयीला साधा वर्तमानकाळच वापरतात. अभ्यासाचेही तसेच असू द्या. ‘शिकलो असतो तर’ हा संकेतार्थ आपल्या आई-बापांनी पुष्कळ भोगला. ‘शिकेन’ या भविष्यावर पोरांनी विसंबू नये. त्यांनी स्वार्थात, साध्या वर्तमानकाळात बोलावे : मी रोज शिकतो, मी रोज शिकते.

अभ्यासिका वंदनेनंतर रोज भरते. घरातल्या लेकरांना पाठवा. मोठ्यांनी यायलाही हरकत नाही, सतरंजी मोठी आहे.

भवतु सब्ब मंगलं ! जयभीम !